एक्केचाळीस नंबरची कवळी

बत्तिशीकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण गल्लीत कुणालाही खरं नाव विचारलं असतं तर तो डोकं खाजवत उभा राहिला असता. चाळीस वर्षं त्यांनी कवळ्या बनवल्या. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेत, ते माप काकांकडे येई, आणि घरामागच्या खोलीत बसून काका मेणात एकेक दात लावत. पुऱ्या कवळीत दात अठ्ठावीसच असतात, अक्कलदाढा कुणी बसवून घेत नाही. तेव्हा बत्तिशी हा शब्दच चुकीचा आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत. "अक्कल ज्याची त्यानं घरून आणावी," असं वर म्हणत. नाव काही बदललं नाही.

हात थरथरायला लागायच्या आत थांबायचं असं त्यांनी ठरवलं होतं, आणि चार वर्षांपूर्वी ते खरंच थांबले. मागच्या खोलीला कुलूप लागलं. सकाळी पेपर, मग बाजार, मग दुपारची झोप असा दिवस जाई. काकू म्हणत, माणूस निवृत्त झाला पण नजर झाली नाही. पाहुणे आले की हे त्यांच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघतात.

नदीत लाँच उलटली त्याला अकरा दिवस झाले होते. त्या अकरा दिवसांत गावभर दुसरा विषय नव्हता. अठ्ठावन्न माणसं गेली. काकांच्या ओळखीचं त्यात कुणी नव्हतं, त्यामुळे इतरांसारखेच तेही पेपर वाचत, हळहळत आणि पान उलटत. बाराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास फोन वाजला. काकूंनी घेतला आणि कपाळाला आठ्या घालून काकांच्या हातात दिला.

"काका, ओळखलंत का? हिरड्या नीट कोरल्या नाहीत म्हणून तुम्ही तीनदा मेण वितळवायला लावलं होतंत, ती मी."

काकांनी लगेच ओळखलं. आठवड्यातून दोन दिवस ते दातांच्या कॉलेजात मुलांना कवळी लावायला शिकवत, त्या काळातली ही मुलगी. आता ती मोठी डॉक्टरीण झाली होती, पण जिवंतांचे दात सोडून मेलेल्यांचे बघते असं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि त्यांना ते फारसं पटलं नव्हतं. लाँचमधल्या माणसांची ओळख पटवायचं काम तिच्याच तुकडीकडे होतं. तिला एक कवळी काकांना दाखवायची होती. फक्त कवळी, बाकी काही बघावं लागणार नाही, असं तिनं दोनदा सांगितलं.

काकांनी मृतदेह म्हटलं तर आई-वडिलांचे तेवढे पाहिले होते. पण नाही म्हणायला जीभ रेटेना. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, भिंग खिशात टाकलं आणि निघाले.

काम चाललं होतं ते एका खेळाच्या हॉलमध्ये. जमिनीवर रंगीत पट्ट्यांनी आखलेलं मैदान तसंच होतं आणि त्या पट्ट्यांवर लांबच लांब टेबलं मांडली होती. वास कसलाच नव्हता, ओल्या फरशीचा सोडून. शीतपेट्या मागच्या अंगणात होत्या, तिकडचं दार बंद होतं. लोक हळू आवाजात बोलत होते पण कुणी रडत नव्हतं. घरच्या माणसांसाठी बाजूला वेगळी खोली होती, खुर्च्या आणि चहाची सोय असलेली. आपण कल्पना केली त्यापेक्षा हे शाळेतल्या परीक्षेच्या हॉलसारखं जास्त दिसतंय, असं काकांच्या मनात आलं आणि त्यांचा जीव जरा भांड्यात पडला.

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, केस कसेतरी बांधलेले, पण बोलणं पूर्वीसारखंच टकाटक. तिनं आधी त्यांना भिंतीवरचा फळा दाखवला. त्यावर एक ते अठ्ठावन्न आकडे होते. काम कसं चालतं ते तिनं थोडक्यात सांगितलं. घरचे लोक येतात, आपल्या माणसाबद्दल सांगतात, उंची, शस्त्रक्रियेची खूण, कुठल्या दाताला चांदी भरली होती, ते सगळं पिवळ्या कागदावर उतरतं. इकडे जे सापडलं त्याची नोंद गुलाबी कागदावर होते. पिवळा आणि गुलाबी जुळला की एक माणूस घरी जातं. सत्तावन्न गेली होती. फळ्यावर त्यांच्यापुढे हिरवी खूण होती. एक्केचाळीसच्या पुढे काहीच नव्हतं.

"वयस्कर बाई आहेत," ती म्हणाली. "गुलाबी कागद आहे, पिवळा नाही. लाँचला प्रवाशांची यादी नसते. बोटांचे ठसे कुठल्याच नोंदीत नाहीत. डीएनए काढून ठेवलंय, पण ते ताडून बघायला घरचं कुणीतरी हवं ना. बारा दिवस झाले काका, यांना कुणी शोधायलाच आलं नाही."

मग तिनं एक पारदर्शक पिशवी टेबलावर ठेवली. आत वरच्या जबड्याची कवळी होती, स्वच्छ धुतलेली. खालची नदीत गेली होती. वरची मात्र तीन दिवस पाण्यात राहूनही सुटली नव्हती.

काकांनी हातमोजे चढवले, भिंग लावलं आणि कवळी खिडकीच्या उजेडात धरली. खरं सांगायचं तर दुसऱ्या क्षणालाच त्यांनी ओळखलं होतं. कवळीच्या हिरड्या सगळे गुळगुळीत करतात. खऱ्या हिरडीवर मात्र संत्र्याच्या सालीसारखे बारीक ठिपके असतात. ते उठवायला काका दात घासायच्या जुन्या ब्रशचे केस अर्धे कापून मेणावर टोचत. अशी कारागिरी करणारा दुसरा माणूस या भागात नव्हता. तेवढ्यावरूनच तर तिनं फोन केला होता. तीन दिवस पाण्यात राहूनही आपली कवळी सुटली नाही, याचा त्यांना आधी अभिमान वाटला आणि लगोलग त्या अभिमानाची लाज वाटली.

कवळी उलटी करताच त्यांना पुढचे दात दिसले. डावीकडचा दुसरा दात शेजारच्यावर तिरका चढलेला होता. अपघातानं नव्हे, मुद्दाम, मोजून मापून तिरका लावलेला.

"ही बाई माझ्याशी भांडली होती," काका म्हणाले.

एरवी रोग्याशी त्यांचा संबंध येत नसे. पण या बाई डॉक्टरांना बाजूला सारून थेट मागच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात स्वतःचा तरुणपणीचा फोटो घेऊन. त्यांचा मूळचा दात वाकडा होता आणि नवीन कवळीतही तो तसाच हवा होता. काकांनी साफ नकार दिला. लोक आपल्या कामाला नावं ठेवतील, म्हणाले. वाकडे दात सरळ करायला लोक मिनतवाऱ्या करतात आणि तुम्ही सरळ असलेला वाकडा करायला सांगता. त्यावर बाई म्हणाल्या होत्या, आरशात बघितल्यावर माझी मला ओळख पटायला नको? तीन खेपा त्यांनी मेणातली कवळी परत पाठवली, कधी दात फार तिरका, कधी कमी. शेवटी काकांनी हात टेकले. जाताना मात्र बाईंनी पाठीवर थाप मारावी तसं, छान जमलं हो, असं म्हटलं होतं. हे सगळं काकांना काल घडल्यासारखं आठवत होतं. नाव तेवढं आठवत नव्हतं.

नाव आठवलं असतं तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर काकांना जरा झोंबलं. चाळीस वर्षांच्या नजरेला ही कालची पोर विचारत नाही म्हणजे काय.

"तुमच्या आठवणीवर मला सही नाही करता येत, काका," ती म्हणाली. "तुमच्याच काय, कुणाच्याही."

आणि मग तिनं अपघाताच्या दुसऱ्या दिवशीची हकिगत सांगितली. एका मुलानं राखाडी स्वेटरवरून वडिलांना ओळखलं होतं. छातीशी धरलं, कागदावर सही करायला पेन उचललं. नशीब, तिनं दातांचा एक्स-रे येईपर्यंत थांबवलं. ते दुसऱ्याचेच वडील निघाले. मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याला ते त्याचे वडीलच दिसले होते. माणूस फार आतुर असला की डोळे त्याला हवं ते दाखवतात. त्या दिवसापासून नुसतं तोंड पाहून ओळखायला लावणं त्यांनी बंद केलं होतं. एकाला चुकीचं नाव दिलं की दोन घरं चुकतात, असं ती म्हणाली. काकांचा राग उतरला. मेण तीनदा वितळवायला लावणाऱ्या माणसाला हे कळायला वेळ लागला नाही.

तिला हवा होता तो साचा, म्हणजे त्या बाईंच्या तोंडाच्या मापावरून ओतलेली प्लास्टरची प्रतिकृती. आणि काकांची सवय तिला ठाऊक होती: प्रत्येक मापावरून ते दोन साचे ओतत. एकावर कवळी तयार व्हायची, त्यात तो फुटायचा; दुसरा ते ठेवून देत. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

घरी त्यावरून वीस वर्षं वाद चालू होता. माळ्यावर साच्यांची सतरा पोती होती. काकूंच्या मते त्या वजनानं एक दिवस माळा आणि संसार दोन्ही खाली येणार होते. त्या दिवशी काका घरी आल्याआल्या शिडी लावायला लागले तेव्हा काकूंना वाटलं, अखेर शहाणपण सुचलं. मग त्यांनी सगळं ऐकलं. ऐकून झाल्यावर त्यांनी पदर खोचला, चादर अंगणात पसरली आणि म्हणाल्या, "द्या एकेक पोतं खाली. आणि हळू, तुमची कंबर चोळणं माझ्याच्यानं होणार नाही."

दुपारभर दोघं चादरीवर बसून होती. भोवती पांढऱ्या बोळक्या जबड्यांचा ढीग. दात नसलेल्या तोंडात ओळखायचं काय, सगळी सारखीच, असं काकू म्हणाल्या. काकांनी त्यांना दाखवलं. टाळूच्या पुढच्या भागावर आडव्या वळ्या असतात, त्या बोटांच्या ठशांसारख्या. दोन माणसांच्या सारख्या नसतात. पण एवढ्या साच्यांत वळ्या कोण तपासत बसणार. काकांना दुसरी एक गोष्ट आठवत होती. या बाईंच्या टाळूच्या मधोमध हाडाचा छोटा उंचवटा होता, कवळी तिथे टोचू नये म्हणून त्यांना आतून जागा सोडावी लागली होती. तोच शोधायचा होता.

काकूंनी चष्मा काढून ठेवला. कणीक नीट मळली का ते बघावं तसा प्रत्येक साच्यात त्या अंगठा फिरवू लागल्या आणि काकांच्या दुप्पट वेगानं ढीग उपसला. अधूनमधून खाली लिहिलेलं वाचून हसत होत्या. काका साच्याच्या तळाला पेन्सिलीनं खूण करत, पण नावं त्यांच्या लक्षात राहत नसत म्हणून स्वतःच टोपणनावं ठेवत. 'घाईवाले'. 'शिंक आजोबा'. 'गाते ती'. आपल्याला बत्तिशीकाका म्हणतात म्हणून कुरकुरणाऱ्या माणसानं अर्ध्या गावाला नावं ठेवली होती, हे काकूंना चार तासांत कळलं.

अकराव्या पोत्यात काकूंचा अंगठा थांबला. "हे बघा. वाटाण्याएवढं काहीतरी आहे."

काकांनी साचा हातात घेतला, उजेडाकडे तिरका धरला. वाटाण्याएवढाच उंचवटा. उलटा केला. तळाला त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पोस्टातल्या बाई. वाकडा दात. भांडण.' त्याच पोत्यात खालच्या जबड्याचाही साचा सापडला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आनंद व्हावा अशी ती गोष्ट नव्हती, पण झाला. काकूंनी दोन्ही साचे आपल्या मऊ शालीत गुंडाळून दिले.

डॉक्टरीणबाईंनी साच्याची आणि मृत बाईंच्या टाळूच्या मापाची तुलना केली. टाळूच्या एकेका वळीला क्रमांक दिला, फोटो काढले, एकावर एक ठेवून पाहिले. नऊच्या नऊ वळ्या जुळल्या, उंचवटाही जुळला. एवढ्यावर न थांबता तिनं तेच काम दुसऱ्या एका दंतवैद्याला दिलं, आपला निष्कर्ष न सांगता. त्याचं उत्तर तेच आलं. तेव्हा कुठे तिनं पेन उचललं. काका शेजारी उभे राहून हे सगळं बघत होते आणि ही आपली विद्यार्थिनी आहे असं तिथल्या हवालदाराला त्यांनी दोनदा सांगितलं.

पुढचं काम त्या हवालदाराचं होतं. तो साठीला टेकलेला शांत माणूस होता, कानामागे पेन्सिल खोचून हिंडायचा. पोस्ट एवढाच धागा हातात धरून तो आधी मोठ्या पोस्टात गेला, मग तिथून धाकट्या पोस्टांत. तिसऱ्या ठिकाणी तिकिटांच्या खिडकीवरच्या माणसानं वाकडा दात म्हटल्याबरोबर नाव सांगितलं. पस्तीस वर्षं त्या याच खिडकीवर होत्या. लग्न केलं नव्हतं, एकट्या राहत. पाकिटावर पत्ता नीट लिहिलेला नसला की समोरच्याला परत लिहायला लावत.

बारा दिवस त्यांना कुणी का शोधलं नाही, याचंही उत्तर मिळालं, आणि ते वाटलं होतं तसं वाईट नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना त्या लाँच उलटायच्या आदल्या दिवशीच सांगून गेल्या होत्या की महिनाभर बहिणीकडे राहणार; त्या तेव्हाच पोचल्या असं धरून शेजारी निर्धास्त होते आणि रोज त्यांच्या कुंड्यांना पाणी घालत होते. पैलतीरावर राहणाऱ्या धाकट्या बहिणीला वाटत होतं, ताई तिच्या घरीच आहे. ही बहीण कानानं कमी ऐकायची, तिच्याकडे फोन नव्हता; दोघींचं सगळं पत्रांवर चाले. आणि पत्रं थांबली होती, कारण दोघींत अबोला होता. आईचं शिवणयंत्र धाकटीनं थोरलीला न विचारता देऊन टाकलं, एवढंच निमित्त. म्हणजे बाई कुणालाच नको होत्या असं नव्हतं. उलट दोन्ही काठांना त्या दुसऱ्या काठावर सुखात आहेत, अशी खात्री होती.

बहीण हवालदाराबरोबर आली तेव्हा काका हॉलमध्येच होते. येण्याचं काही कारण नव्हतं, पण त्यांचा पाय घरी ठरत नव्हता. या धाकट्या बाई बारीक चणीच्या होत्या, करड्या कोटाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसवलं, समोर बसून तोंडाच्या हालचाली दिसतील असं हळू बोलली, गालाच्या आतून नमुना घेतला. डीएनएचा निकाल यायला दोन दिवस लागतील, तोवर मी शंभर टक्के म्हणणार नाही, पण तुम्ही मनाची तयारी ठेवा, असं तिनं सरळ सांगितलं. बाई रडल्या, मग रुमालानं नीट तोंड पुसलं आणि एकच प्रश्न विचारला.

"ती माझ्याकडेच निघाली होती ना?"

"ती लाँच दुसरीकडे कुठे जातच नाही," डॉक्टरीण म्हणाली.

बाईंनी हे दोनदा म्हणवून घेतलं, ऐकू आलं नाही म्हणून नव्हे. अबोला मोडायला ताई स्वतः निघाली होती, हे त्यांनी जपून आत ठेवल्यासारखं केलं.

मग त्यांना काकांबद्दल सांगण्यात आलं. बाई वळून त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि रडवेल्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. ते भांडण त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी ताई मुद्दाम लाँचनं पैलतीरावर येऊन सगळं करून दाखवून गेली होती, काका कसे कमरेवर हात ठेवून उभे राहिले, कसे नाक फेंदारून म्हणाले की लोक माझ्या कामाला नावं ठेवतील. "तुमचा आवाज ती फार छान काढायची," बाई म्हणाल्या. आपली नक्कल करून दोन बहिणी नदीकाठच्या एका घरात पोट धरून हसल्या होत्या, हे काकांना इतक्या वर्षांनी कळत होतं आणि राग तर सोडाच, बरं वाटत होतं.

बाईंना ताईला शेवटचं बघायचं होतं. निकाल आला की बघता येईल, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पाणी गार होतं आणि त्या तिसऱ्याच दिवशी सापडल्या होत्या, तेव्हा बघता येईल अशा आहेत. पण नंतर बाजूला येऊन ती काकांशी बोलली तेव्हा म्हणाली, खालची कवळी नाही, चेहरा बसलाय. वरची बसवली तरी खालचा ओठ आत जातो, ओळखीच्या वाटणार नाहीत. त्याला इलाज नाही.

घरी जाताना काकांनी बाजारातून मेण आणि प्लास्टर घेतलं, आणि मागच्या खोलीचं कुलूप काढलं.

दोन दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. खालच्या जबड्याचा साचा होता, वरची कवळी कशी होती ते पाठ होतं, आणि तिच्याशी जुळेल अशी खालची कवळी बनवायची होती. उरलेले दात डब्यांतून निवडले. नवे कोरे दात चालले नसते. वरचे अकरा वर्षं वापरून झिजलेले होते. त्यांनी खालचे दात कानशीनं थोडे थोडे घासून तेवढेच म्हातारे केले. हाताला थरथर होती, पण काम सुरू झालं की थांबायची. काकू चहा आणून ठेवत, थोडा वेळ दारात उभ्या राहून बघत, आणि जात. ही कवळी एकही घास चावणार नव्हती. तरी काकांनी हिरड्यांवर ठिपके टोचले, सगळे, मागच्या दाढांपर्यंत, जिथे कुणाची नजर कधी पोहोचत नाही.

डीएनएचा निकाल आला. दोघी सख्ख्या बहिणीच. फळ्यावर एक्केचाळीसच्या पुढे हिरवी खूण झाली आणि आकड्याच्या जागी नाव लिहिलं गेलं. बत्तिशीकाकांनी ते नाव मनातल्या मनात दोनदा वाचलं. साच्यावर आपण जे लिहिलं होतं त्यापेक्षा ते नक्कीच चांगलं होतं.

आणि फक्त कवळी बघायला आलेले काका त्या दिवशी मागचं दार उघडून आत गेले. डॉक्टरीणबाई बरोबर होती. तिनं विचारलं, जमेल ना, मी बसवते हवं तर. काका म्हणाले, बनवणाऱ्यानं बसवली की रुतत नाही. आत गार होतं आणि पांढरा उजेड होता. पोस्टातल्या बाई पांढऱ्या चादरीखाली शांत पडल्या होत्या. काकांना वाटलं होतं, आपल्याला भीती वाटेल. पण समोर एक तोंड होतं, ओळखीचं, आणि आपल्या हाताला तिथलं काम येत होतं. त्यांनी आधी वरची कवळी बसवली, मग खालची, मग हनुवटी हलकेच वर घेऊन दोन्ही मिटवल्या. गाल भरले, ओठ जागेवर आले. अकरा वर्षांपूर्वी मागच्या खोलीत येऊन उभा राहिलेला तोच हट्टी चेहरा परत दिसायला लागला. काका एक पाऊल मागे सरले, मान तिरकी करून बघितलं, पुन्हा पुढे होऊन खालचा ओठ केसभर सैल केला.

"झालं," ते म्हणाले.

बहीण आत आली. मग जवळ जाऊन ताईच्या कपाळावरचे केस मागे केले आणि अगदी रोजच्या आवाजात, दोघी समोरासमोर बसल्या असाव्यात तसं, शिवणयंत्र परत आणलंय असं सांगितलं. ज्याला दिलं होतं त्याच्या घरी जाऊन, दोन दिवसांत. डॉक्टरीणबाईंनी काकांची बाही धरली आणि दोघं बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना निरोप द्यायला बरीच माणसं जमली. पोस्टातले जुने सहकारी होते, कुंड्यांना पाणी घालणारे शेजारी होते, हवालदार होता. काका आणि काकू दोघंही गेली. काकू बहिणीशेजारी उभ्या राहिल्या आणि नंतर दोघी एका बाकावर बसून इतकं बोलल्या की काकांना परतीची बस दोनदा सोडावी लागली. एकीला कमी ऐकू येत होतं आणि दुसरीला बोलायला आवडत होतं, त्यामुळे कुणाचंच अडलं नाही.

हॉलमधली टेबलं त्याच आठवड्यात हलली. शेवटचा गुलाबी कागद फाइलमध्ये गेल्यावर डॉक्टरीणबाई घरी जाऊन सलग चौदा तास झोपली, आणि उठल्यावर पहिला फोन तिनं काकांना केला. कॉलेजात आठवड्यातून दोन सकाळी याल का, असं तिनं विचारलं. मुलांना कवळी लावायला शिकवायचं, आणि एक नवी गोष्टही: कवळीच्या आतल्या बाजूला, वरून पारदर्शक थर देऊन, माणसाचं नाव बारीक अक्षरात घालायचं. काका म्हणाले, विचार करून सांगतो. मग फोन ठेवायच्या आत हो म्हणाले.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून जातात. पहिल्याच दिवशी एका मुलीनं कवळीत नाव एवढं ठळक लिहिलं की पलीकडच्या टेबलावरून वाचता आलं. काकांनी ते भिंगाखाली धरलं, बघितलं, आणि शांतपणे पुन्हा करायला सांगितलं. मुलीनं तोंड वाकडं केलं. काकांनी खुर्ची ओढली, तिच्या शेजारी बसले आणि टाकाचं टोक कसं धरायचं ते दाखवायला लागले.